तणनाशकाविना भातशेती: तरव्यापासून कापणीपर्यंत तण आवरण्याचा क्रम

कोकणात भाताची बेणणी, म्हणजे तण काढणे, दरवर्षी होते, तरीही दिवाळीच्या आसपास कापणीला उतरावे तर अनेक खाचरांत भाताच्या लोंब्यांवर सावा मान काढून उभा असतो. मेहनत कमी पडली म्हणून असे होते, असे क्वचितच म्हणता येईल. नांगरट, चिखलणी, लावणी आणि बेणणी ही सगळी कामे होतात, परंतु त्यांच्यातील अंतर आणि क्रम चुकतो. जे तण लावणीपूर्वी फुकट मेले असते ते नंतर माणसे लावून उपटावे लागते. म्हणून या लेखात बेणणीपेक्षा तिच्या आधीच्या कामांवर अधिक भर दिला आहे. पुढील टप्पे पावसाळी लावणीच्या भातासाठी लिहिले आहेत. रहू (मोड आलेले बी चिखलावर फेकणे) आणि धूळवाफ (कोरड्या जमिनीत पेरणे) या पेरणीचा वेगळा विचार शेवटाकडे केला आहे.

## 1. शत्रू ओळखणे

तणांची नावे गावागणिक बदलतात. एका वाडीत ज्याला पाखड म्हणतात त्याला पलीकडच्या वाडीत दुसरेच नाव असते, त्यामुळे नावावर विसंबू नये, खुणेवर विसंबावे. कामाच्या दृष्टीने तणांचे चार गट करावेत.

पहिला गट भातासारख्या दिसणाऱ्या गवतांचा आहे आणि त्यात सर्वांत त्रासदायक सावा, म्हणजे शास्त्रीय भाषेत एकिनोक्लोआ. रोपावस्थेत तो भातापासून वेगळा काढणे अनुभवी माणसालाही जड जाते. पान जिथे खोडाला वेढते तो सांधा अलगद वाकवून पाहावा. भाताच्या सांध्यात पातळ, पांढुरकी जीभ आणि दोन्ही बाजूंना बारीक केसांची, कानासारखी टोके असतात. साव्याच्या सांध्यात यांपैकी काहीच नसते. तो गुळगुळीत असतो. ही एक खूण घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः तरवा (लावणीसाठी वाढवलेली रोपे) काढायला बसणाऱ्या बायकांना आणि मुलांना, हातात रोप देऊन शिकवावी.

दुसरा गट लव्हाळ्यांचा. खोड बोटांत फिरवले की तीन कडा लागतात, कारण ते त्रिकोणी असते. तिसरा गट रुंद पानांचा: माका, केना, पाणलवंग आणि अशीच इतर. चौथा गट देवभाताचा, म्हणजे रानटी भाताचा. त्यालाही भातासारखीच जीभ आणि कान असतात, म्हणून रोपावस्थेत तो ओळखता येत नाही. लांब कुसळ आणि पिकण्याआधीच गळणारे दाणे यांवरूनच तो कळतो.

हे गट समजून घेणे आवश्यक आहे, कारण उपाय गटानुसार बदलतो. काही सावा साचलेल्या पाण्यात रुजतच नाही, तर काही रुंद पानांची तणे पाण्यातही खुशाल उगवतात. हरळी आणि केना तुकड्यांपासून वाढतात, त्यामुळे ती नुसती कापल्याने अधिकच पसरतात.

तपासा: मागच्या हंगामात कोणत्या खाचरात कोणता गट अधिक होता, हे कापणीच्या वेळीच वहीत लिहून ठेवले आहे का? लिहिले नसेल, तर यंदा लिहावे.

## 2. कापणीनंतरची नांगरट आणि शेणखत

भात निघाल्यावर जमिनीत ओल असते तोवरच, म्हणजे कार्तिकात, पहिली नांगरट करावी. कोकणातील जांभ्याची जमीन एकदा वाळली की दगडासारखी होते, आणि मग वैशाखात नांगर लागत नाही. ज्या खाचरात कुळीथ, वाल किंवा चवळी घेणार असू तिथे ही नांगरट आपोआप होते, शिवाय पीक जमीन झाकून ठेवते. जिथे काहीच घेणार नाही, तिथे ढेकळे उलटी पडून उन्हात तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळे वर येतात. ती गोळा करून बांधाबाहेर सुकवावीत.

शेणखताकडे मात्र फार दुर्लक्ष होते. गुरांनी खाल्लेल्या गवताचे बी सगळे पचत नाही. उकिरड्यावरचे वरवरचे, न कुजलेले शेण जूनमध्ये खाचरात टाकणे म्हणजे तण पेरणेच आहे. ढीग आतून हाताला सोसवणार नाही इतका तापला पाहिजे, आणि बाहेरचा थर आत जावा म्हणून तो निदान दोन वेळा उलटला पाहिजे. पावसात भिजून थंड पडलेला, उघडा ढीग कुजत नाही, त्याला नुसता वास येतो. ढिगावर झावळ्यांचे छप्पर करावे. चांगले कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्यात गवताची काडी ओळखता येत नाही.

सावधान: खाचरातून उपटलेले, बी धरलेले तण उकिरड्यावर टाकू नये. ते पुढच्या वर्षी त्याच खाचरात परत येते.

## 3. बियाणे

घरचे बियाणे वापरणाऱ्यांनी ते स्वच्छ खाचरातलेच राखावे. ज्या कोपऱ्यात देवभात दिसला, तिथले भात बियाण्यासाठी अजिबात घेऊ नये.

पेरणीपूर्वी बियाणे पाखडून आणि चाळून घ्यावे व मग मिठाच्या पाण्यात टाकावे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून, त्यात थोडेथोडे बियाणे सोडून ढवळावे. पोकळ, रोगट दाणे आणि तणाचे हलके बी वर तरंगते. ते काढून टाकावे. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावे. धुणे टाळले तर उगवणीवर परिणाम होतो. मात्र एवढ्याने सगळे तण गेले असे मानू नये, कारण भरलेले, जड बी तळाशी जाते आणि देवभाताचे बी तर भाताइतकेच जड असते. त्यासाठी डोळ्यांनी निवडण्याला पर्याय नाही. एकरभराचे बियाणे दोन संध्याकाळी घरात बसून निवडून होते.

## 4. तरवा

पुष्कळ शेतकऱ्यांचा हंगाम इथेच बिघडतो. तरव्यात उगवलेला सावा भाताच्याच वयाचा, भाताच्याच उंचीचा असतो. तरवा काढताना तो मुठीत येतो, मुठीबरोबर खाचरात जातो आणि भाताच्या चुडात (एका जागी एकत्र लावलेल्या रोपांत) लावला जातो. चुडातल्या त्या साव्याला कोळपे (ओळींमधून फिरवायचे तण काढण्याचे अवजार) पोहोचत नाही आणि पाणी मारत नाही. मला हे स्वतःच्या खाचरात फार उशिरा लक्षात आले. ओळीत, अगदी मापात लावलेल्या चुडांतून सावा निसवताना (लोंबी काढताना) पाहिला, तेव्हा तो आमच्याच हातांनी लावला गेला होता याविषयी शंका उरली नाही.

राब भाजण्याने तरव्याची जमीन तणमुक्त होते हे खरे आहे, आणि म्हणूनच ती पद्धत टिकली. परंतु त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि गोवऱ्या, पालापाचोळा जाळावा लागतो, जो खाचरात खत म्हणून गेला असता. त्याऐवजी पुढील क्रम करून पाहावा.

पहिले काम एप्रिलमध्ये. तरव्याची जागा नांगरून, ढेकळे फोडून, सपाट करून पाण्याने भिजवावी आणि पारदर्शक प्लॅस्टिक कागदाने झाकून कडा मातीने दाबाव्यात. चार ते सहा आठवडे कागद तसाच राहू द्यावा. ओली माती कोरड्या मातीपेक्षा चांगली तापते आणि वरच्या थरातील बरेचसे बी मरते. काळा कागद या कामाला पारदर्शक कागदाइतका उपयोगी नाही, कारण ऊन त्यातून आत जात नाही. कागद काढल्यावर जमीन पुन्हा खोल खणू नये, नाहीतर खालचे जिवंत बी वर येते.

दुसरे काम गादीवाफ्यांचे. सुमारे एक मीटर रुंद आणि 8 ते 10 सेंटीमीटर उंच वाफे करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना बसून मधोमध हात पोहोचतो. बी ओळीत पेरावे. फेकून पेरलेल्या तरव्यात भात कुठला आणि गवत कुठले हे कळत नाही. ओळीत पेरले की ओळीबाहेरचे प्रत्येक रोप संशयित ठरते. दहा गुंठे लावणीला साधारण एक गुंठा तरवा पुरतो.

तिसरे काम तरव्याच्या बेणणीचे. ती पेरणीनंतर साधारण बारा-पंधरा दिवसांनी करावी, आणि तरवा काढण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा सांधे पाहत फिरावे. या दोन फेऱ्यांत एका माणसाच्या हातून जितके तण जाते, तितके लावणीनंतर काढायला कितीतरी अधिक माणसे लागतात.

तपासा: तरव्याच्या कोणत्याही पाच मुठी मोकळ्या करून त्यांतील प्रत्येक रोपाचा सांधा पाहावा. एकाही मुठीत सावा आढळला, तर सगळा तरवा पुन्हा निवडावा.

## 5. बांध लिंपणे

पाणी हे भातातील सर्वांत स्वस्त तणरोधक आहे, परंतु ते खाचरात टिकले तरच. कोकणात पाऊस भरपूर पडतो आणि तरीही उतारावरच्या खाचरांत दोन दिवसांच्या उघडिपीत चिखल उघडा पडतो, कारण खेकडे आणि उंदीर यांच्या बिळांतून पाणी खालच्या खाचरात जात असते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधाच्या आतल्या बाजूचे गवत मुळासकट खरवडावे, बिळे खणून घट्ट माती कोंबावी आणि चिखलणीच्या वेळी बांध आतून चिखलाने लिंपावा. पाणी जाण्याचे तोंड एकच ठेवावे, आणि ते दगड-मातीने उंच-सखल करता येईल असे असावे.

वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात येते आणि सोबत तणाचे बीही आणते. वरचे खाचर शेजाऱ्याचे असेल आणि तो तण काढत नसेल, तर पाणी आत येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी किंवा पेंढ्याचा पेंडा अडवून ठेवावा. भाऊबंदकीत हा विषय काढणे अवघड असते हे मान्य आहे. तरीही दोघांनी मिळून वरून खाली असा बेणणीचा क्रम ठरवला तर दोघांचेही काम कमी होते.

## 6. उखळणी, थांबणे, चिखलणी

सगळ्या टप्प्यांत महत्त्वाचा असा हा टप्पा, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक घाई होते.

पॉवर टिलर भाड्याने येतो. तो एकदाच येणार म्हणून एकाच दिवशी उखळणी (पावसाळ्यातली नांगरट) आणि चिखलणी होते, आणि दुसऱ्या दिवशी लावणी. जमिनीच्या वरच्या थरात रुजायला टपलेले तणाचे बी या घाईत मरत नाही. उलट चिखलात त्याला हवे तसे अंथरूण मिळते आणि भातासोबतच ते उगवते. म्हणून टिलरवाल्याकडे दोन तारखा मागाव्यात. भाडे थोडे वाढेल, पण ते बेणणीच्या मजुरीत वसूल होते.

क्रम असा असावा. मृगाच्या पावसाने जमीन ओली झाली की उखळणी करावी आणि खाचराचे तोंड उघडे ठेवावे, म्हणजे पाणी साचणार नाही आणि जमीन नुसती ओली राहील. हे उलटे वाटेल, पण या काळात आपल्याला तण उगवायला हवे आहे. ओल, हवा आणि उजेड मिळाला की वरच्या थरातील सावा आणि लव्हाळा आठ-दहा दिवसांत हिरवा दिसू लागतो. दहा ते पंधरा दिवसांनी, तण दोन-तीन पानांवर असताना, तोंड बंद करून पाणी साठू द्यावे आणि मग चिखलणी करावी. उगवलेले सगळे तण चिखलात गाडले जाते आणि वर पाणी असल्याने पुन्हा उठत नाही. तरवा तयार व्हायला 21 ते 25 दिवस लागतातच. ही वाट पाहणे त्याच दिवसांत बसते आणि हंगाम एक दिवसही मागे जात नाही.

पाऊस थांबतच नसेल आणि खाचर सतत भरलेले राहत असेल, तर तोंड अधिक खोल करून पाणी काढत राहावे. खालच्या मळ्याच्या जमिनीत हे नेहमी जमत नाही. तिथे दोन चिखलण्या आठवडाभराच्या अंतराने कराव्यात.

गिरिपुष्पाचा पाला घालायचा असेल, तर गुंठ्याला साधारण 30 किलो ओला पाला शेवटच्या चिखलणीच्या आठवडाभर आधी पसरून चिखलात दाबावा. जाड फांद्या काढून टाकाव्यात, कारण पुढे कोळपे त्यांत अडकते.

चिखलणीनंतर समपातळी. खाचरात जेमतेम बोटभर पाणी ठेवून फळी किंवा गुठा फिरवावा. पाणी निवळल्यावर जे उंचवटे उघडे दिसतील, तिथे काठ्या रोवाव्यात आणि तिथला चिखल ओढून खोलगट जागी न्यावा. पुढे तण कुठे येणार हे या काठ्याच सांगतात: उंचवट्यावर पाणी टिकत नाही, म्हणून तण पहिल्यांदा तिथेच येते. खाचर मोठे आणि फार असमान असेल, तर सगळे एका पातळीत आणण्याचा हट्ट धरण्यापेक्षा मध्ये छोटा बांध घालून त्याचे दोन भाग करावेत.

टिलर कोपऱ्यांत आणि बांधाच्या पायथ्याशी पोहोचत नाही. तिथली हरळी आणि केना तशीच राहते व दोन आठवड्यांत आत सरकते. कोपरे कुदळीने खणून, हरळीचे दोर हाताने ओढून बाहेर काढावेत.

सावधान: शेवटची चिखलणी आणि लावणी यांत एक-दोन दिवसांहून अधिक अंतर ठेवू नये. गाळ खाली बसायला एक दिवस पुरतो. त्यापुढे थांबले, तर नव्या तणाला भातापेक्षा पुढे जाण्याची संधी मिळते.

## 7. लावणी

ओळीत लावल्याशिवाय कोळपे चालत नाही, आणि कोळप्याशिवाय सगळी बेणणी पाठ वाकवून हाताने करावी लागते. इतके कारण पुरेसे आहे. निमगरव्या (मध्यम मुदतीच्या) आणि गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) जातींसाठी ओळींत 20 आणि चुडांत 15 सेंटीमीटर अंतर ठेवावे. चारसूत्री पद्धतीत 15 आणि 25 सेंटीमीटर असे आळीपाळीने अंतर सोडतात; त्यात 25 सेंटीमीटरच्या पट्ट्यांतून कोळपे दोन्ही दिशांनी फिरवता येते, आणि तणनाशक टाळणाऱ्याला हा फार मोठा फायदा आहे. सुतळीवर दोन रंगांच्या चिंध्यांनी अंतरे बांधावीत आणि दोन माणसांनी ती धरून पुढे सरकवावी. पहिल्या दिवशी काम सावकाश होते. दुसऱ्या दिवसापासून हात बसतो.

चुडात दोन-तीनच रोपे लावावीत, उथळ लावावीत. कुठे चूड मेला तर आठ-दहा दिवसांच्या आत नांगे भरावेत. मोकळी राहिलेली प्रत्येक जागा तण घेते. बुटक्या, उभ्या पानांच्या सुधारित जाती जमीन उशिरा झाकतात, तेव्हा त्या लावणाऱ्यांनी नांगे भरण्यात आणि पहिल्या कोळपणीत अजिबात ढिलाई करू नये.

## 8. पाणी

लावणीनंतर पहिला आठवडा 2 ते 3 सेंटीमीटर पाणी असावे, नाहीतर रोपे तरंगतात. मुळे धरली की पाणी 5 सेंटीमीटरपर्यंत वाढवावे. तीन बोटे आडवी धरली की साधारण तेवढे होते. बांधाच्या तोंडाशी खूण केलेली काठी रोवून ठेवली, तर रोज अंदाज करावा लागत नाही.

जुलैमध्ये पाऊस उघडला की रोज सकाळी वरच्या खाचरांवर एक फेरी मारावी. चिखल उघडा पडून दोन-तीन दिवस राहिला तर सावा उगवतो, आणि एकदा तो पाण्याबाहेर आला की नंतर पाणी भरूनही मरत नाही. पाण्याचे काम तण उगवण्याआधीचे आहे. उगवल्यानंतर ते उपयोगी पडत नाही.

ॲझोला पाण्यावर पसरवल्यास उजेड अडून तण कमी होते, परंतु कोकणातील वाहत्या खाचरांत ती एका मोठ्या पावसात बांधावरून निघून जाते. पाणी संथ राहणाऱ्या मळ्यातच तिचा विचार करावा.

खार जमिनीत पाणी काढून टाकून जमीन सुकवणे टाळावे. तिथे गोडे पाणी हटले की क्षार वर येतात आणि तणाआधी भातच करपते.

## 9. कोळपणी आणि बेणणी

भात आणि तण यांची खरी झुंज लावणीनंतरच्या पहिल्या 40 ते 45 दिवसांत होते. या काळात खाचर स्वच्छ राहिले तर नंतर भाताची सावलीच तण दाबते. तरीही आपल्याकडे पहिली बेणणी बहुधा महिना उलटल्यावर, तण गुडघ्याला लागल्यावर होते. तोवर भाताचे फुटवे कमी झालेले असतात आणि ते परत येत नाहीत.

पहिली कोळपणी लावणीनंतर 12 ते 15 दिवसांत करावी, तण डोळ्यांना जेमतेम दिसत असतानाच. त्यासाठी कोनो वीडर किंवा जपानी कोळपे वापरावे. खाचरात फक्त 2 ते 3 सेंटीमीटर पाणी ठेवावे. पाणी अधिक असेल तर कोळपे तरंगते आणि तण नुसते हलते, पाणी नसेल तर दात्यांना चिखल चिकटतो. ते सलग ढकलत नेऊ नये. हातभर पुढे, थोडे मागे, पुन्हा पुढे असे चालवावे, म्हणजे तण उलटून गाडले जाते. त्यानंतर दर दहा दिवसांनी, एकूण तीन वेळा कोळपावे, आणि शक्य तिथे दुसऱ्या वेळी आडवे फिरवावे.

कोळप्यामागोमाग हाताची बेणणी ठेवावी. चुडातले आणि चुडाला चिकटून असलेले तण हातानेच निघते. ते मुळासकट, खोडाच्या अगदी तळाशी धरून, सरळ वर ओढावे. हिसका दिला की खोड तुटते आणि बुंधा पुन्हा फुटतो. ओढलेले कोवळे, फुलावर न आलेले तण चिखलात पायाने खोल दाबले तर त्याचे खत होते. केना आणि हरळी यांना मात्र ही सवलत नाही. ती टोपलीत गोळा करून खाचराबाहेर, पाऊस लागणार नाही अशा जागी सुकवावीत, कारण सततच्या पावसात बांधावर टाकलेला केना तिथेच मूळ धरतो.

बेणणीनंतर दोन-तीन दिवस खाचरातले पाणी बाहेर सोडू नये, म्हणजे उपटलेले तण कुजते आणि पुन्हा रुजत नाही. नत्राचा हप्ता द्यायचा असेल, मग तो शेणाच्या काल्याचा असो की अन्य कशाचा, तो बेणणी झाल्यावरच द्यावा. आधी दिला तर तो तणाला दिल्यासारखा होतो.

साधारण 40 दिवसांनंतर कोळपे थांबवावे. भाताची मुळे तोवर ओळींच्या मध्ये येतात आणि ती तुटणे परवडत नाही. पुढे फक्त हाताने फिरावे.

सावधान: बेणणीचे काम चिखलपाण्यात तासन् तास चालते, आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. हातापायाला जखम किंवा चिखल्या असतील तर त्या झाकल्याशिवाय खाचरात उतरू नये, गमबूट वापरावेत. काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप आणि अंगदुखी आली, तर घरगुती काढ्यावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण भातखाचरात काम केले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बांधावरचे गवत कापताना फुरशाची भीती असते, म्हणून आधी काठीने गवत झोडावे व मगच हात घालावा.

तपासा: लावणीनंतर विसाव्या दिवशी खाचराच्या मधोमध, कोपऱ्यात आणि उंचवट्यावर, प्रत्येकी हातभर लांबी-रुंदीच्या चौकोनात तणाची रोपे मोजावीत. कोपऱ्यात अधिक असतील तर चिखलणी अपुरी झाली. उंचवट्यावर अधिक असतील तर समपातळी चुकली. ओळींत, चुडांतच अधिक असतील तर ते तरव्यातून आले. पुढच्या वर्षी काय सुधारायचे, हे यावरून ठरवावे.

## 10. निसवण्याच्या काळातील फेऱ्या

भाद्रपदात खाचराकडे जाणे कमी होते, आणि याच काळात पुढच्या कित्येक वर्षांचे तण पेरले जाते. साव्याचे एक जोमदार झाड हजारो बिया टाकते आणि त्या भात पिकण्याआधी गळतात. भात निसवत असताना दर आठवड्याला एक फेरी मारावी आणि भाताच्या वर आलेली प्रत्येक लोंबी कापून गोणीत टाकावी. देवभाताबाबत तर कुसळ दिसताच झाड मुळासकट काढावे. दाणा पिकेपर्यंत थांबले तर हात लावताच तो गळतो. गोणीतले तण गुरांना घालू नये. ते सुकवून जाळावे.

बांधावरचे गवतही फुलण्याआधी कापावे. काही जण बांधावर तूर किंवा चवळी लावतात. जिथे बांध रुंद आहे, तिथे हे नक्की करावे, कारण झाकलेल्या बांधावर तण कमी येते.

## 11. रहू आणि धूळवाफ पेरणी करणाऱ्यांसाठी

मोड आलेले बी चिखलावर फेकणे किंवा रोहिणीत कोरड्या जमिनीत पेरणे, यांत लावणीची मजुरी वाचते. पण भात आणि तण एकाच दिवशी, एकाच उंचीवरून निघतात आणि पहिले दोन-तीन आठवडे पाणी भरूनही ठेवता येत नाही. तणनाशक वापरायचे नसेल तर तणाने ग्रासलेल्या खाचरात या पद्धती टाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. खार जमिनीत किंवा माणसेच मिळत नसल्याने त्या कराव्याच लागल्या, तर निदान बी ओळीत टाकावे, रहूत सहाव्या टप्प्यातले थांबणे काटेकोर पाळावे आणि पहिली बेणणी पंधराव्या दिवसापलीकडे नेऊ नये. ज्या खाचरात देवभात आहे, तिथे दोन-तीन वर्षे फक्त लावणीच करावी.

## 12. कापणी आणि खळे

स्वच्छ खाचरे आधी कापावीत, तणाची शेवटी. मळणी यंत्र किंवा कापणी यंत्र दुसऱ्याच्या शेतातून आले असेल, तर आपल्या खाचरात उतरण्यापूर्वी ते झाडून, शक्य असेल तर धुऊन घ्यावे. तणाच्या खाचरातले भात वेगळ्या खळ्यावर झोडावे. तिथला पाखडलेला भुसा, कोंडा आणि गळ शेणखतात न जाऊ देता जाळावा, आणि त्या खाचराचा पेंढा वेगळा रचून तो गुरांना पावसाळ्यापूर्वीच संपवावा. खळे झाडून झाल्यावर वहीत प्रत्येक खाचरापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते तण राहिले, ते खाचराच्या कोणत्या भागात राहिले, आणि पहिली कोळपणी लावणीनंतर कितव्या दिवशी झाली.